आमचे डॉक्टर बदलायचे म्हणतात

...आणि वर मलाच म्हणतात, काकू, तुम्ही जरा समजवा ना त्यांना. म्हणजे बघा, एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला, ओला टॉवेल पलंगावर टाकू नये एवढं एक मला अजून ह्यांना समजावता आलेलं नाही, आणि ही चॅनलवाली मुलगी फोनवर मला सांगते, समजवा. काय समजवा? तर तुमच्या जागी आता दुसरा माणूस उभा राहणार आहे, तुम्ही फक्त या, त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि फोटोसाठी हसा. हे असं आपल्या नवऱ्याला सांगायचं कसं, ते तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही, आणि मलाही नाही.

थांबा, नीट सांगते. तुमच्यातल्या निम्म्यांना तरी ती मालिका आठवत असेल. 'बंद खोलीचा जबाब'. तीस वर्षांपूर्वी, दर शुक्रवारी संध्याकाळी आठ वाजता, रस्ते ओस. एक घर असायचं, घरात एक खोली, खोलीत काहीतरी... आवाज म्हणा, वास म्हणा, आपोआप हलणारी खुर्ची म्हणा. घरातली माणसं भिऊन अर्धी झालेली. मग दोघं जण यायचे. एक इन्स्पेक्टरबाई, तिचा सगळ्यांवर विश्वास, आणि एक डॉक्टर, त्याचा कशावरच नाही. बाई घरातल्यांजवळ बसायची, त्यांचं ऐकून घ्यायची. डॉक्टर भिंतीला कान लावायचा, फरशीवर पालथा पडायचा, पंख्याच्या पात्यांवर बोट फिरवायचा, आणि शेवटी कारण शोधून काढायचा. उंदीर, वारा, सैल झालेलं बिजागर. मग चष्मा काढायचा, पुसायचा, आणि शांतपणे म्हणायचा, "काही नव्हतं. झोपा आता." की लागलं गाणं.

तर तो डॉक्टर म्हणजे आमचे हे.

आता हे डॉक्टर वगैरे काही नव्हेत हो. मोजणी खात्यात कारकून. जमिनीचे नकाशे ट्रेस करायचे दिवसभर. हौशी नाटकात कामं करायचे, कुणीतरी पाहिलं, बोलावलं, आणि सहा वर्षं बिनपगारी रजा, अर्धी रजा, आजारपणाची रजा, अशा सगळ्या रजांवर हे डॉक्टर होते. आणि लोकांचं काय सांगू तुम्हाला... भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणायची, काही नव्हतं, झोपा आता. लेकीला ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, तर तिथला खराखुरा डॉक्टर खुर्चीतून उठला आणि म्हणाला, साहेब, आधी तुम्ही तपासा. ह्यांनी तपासली हो. मी शेजारी उभी. डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, 'हं' म्हणाले. मुलगी तापानं फणफणलीय आणि हे हं म्हणतायत. मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की हा माणूस नकाशे काढतो. पण मला कुणी विचारलं नाही.

मालिका संपली, हे परत खात्यात जाऊन बसले. खिडकीवर नकाशाची नक्कल मागायला माणसं यायची आणि आतून ह्यांचा आवाज आला की एक पाऊल मागं सरकायची. पुढं निवृत्त झाले, केस गेले, गुडघे गेले. पण डॉक्टर काही गेला नाही.

आणि आता ही बातमी. तीच मालिका, नव्यानं. तेच नाव, तीच गाण्याची चाल, फक्त माणसं नवी.

झालं. ज्याला त्याला मत. आमची लेक म्हणते, "बाबा, करू देत की. तुमचे जुने भाग आता कोण बघतं? भिंत हलते त्यात." खरं आहे, हलायची, प्लायवूडची होती. पण बापाला असं तोंडावर सांगतात का? ह्यांनी नुसता चष्मा पुसला. चष्मा पुसला की समजायचं, लागलंय.

मग सलूनवाला. तीस वर्षं ह्यांचे केस कापतोय, म्हणजे आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दोघांनाही सवय आहे. दुकानात आरशाच्या वर ह्यांचा फोटो लावलाय. तो कैची हातात धरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आज तुमच्या जागी दुसरा बसवतील, उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसवतील. हे आपण चालू द्यायचं का?" त्याच्या खुर्चीचा ह्याच्याशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही, पण पुढल्या आठवड्यात माझ्या बैठकीच्या खोलीत चौदा माणसं बसली होती आणि 'जबाब बचाव समिती' स्थापन झाली होती. अध्यक्ष कोण? समोरच्या हेडमास्तरीणबाई. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, एकट्याच राहतात, पण बोलताना अजून वर्गात असल्यासारखं बोलतात. चौदा माणसांना बोट दाखवून म्हणाल्या, "नवीन कलाकार हा विषय चर्चेचा नाहीच. एकदा दिलेलं उत्तर खोडून दुसरं लिहायचं नसतं. हात वर करा." चौदा हात वर. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, माझे दोन्ही हात साबणाचे. मला कुणी विचारलं नाही.

चारशे बारा सह्यांचं निवेदन तयार झालं. ते घेऊन चॅनलच्या ऑफिसात जायचं कुणी? अर्थात ह्यांनी. चॅनलला ह्यांची परवानगी लागत नव्हती, बरं का. कागदोपत्री मालिका त्यांची. त्यांना फक्त हा खांद्यावर हात ठेवलेला फोटो हवा होता, कारण जुनाच डॉक्टर नको म्हणाला तर नवा बघणार कोण?

पण तुम्हाला खरं सांगते, ह्यांचं दुखणं स्वतःच्या जागेचं नव्हतं. ते मला माहीत होतं. दुखणं होतं इन्स्पेक्टरबाईचं. दोन वर्षांपूर्वी गेली ती. सहा वर्षं शुक्रवारचा तो एक तास मिळून उभा केला दोघांनी, भांडायची, हसायची, संवाद विसरायची. शूटिंग उशिरापर्यंत चाललं की आमच्याकडं यायची, जेवायची आणि बैठकीतल्या दिवाणावर बूट न काढता झोपायची. लोक मला विचारायचे, तुम्हाला काही वाटत नाही का हो? काय वाटायचं? तिचे बूट मीच काढायचे. ती आजारी पडली तेव्हा हे दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. आत जाववायचं नाही. जवळ बसायचे ती मी. शेवटी गेली, तेव्हा सगळ्यांनी ह्यांचं सांत्वन केलं.

तर निवेदन पिशवीत घालून आम्ही टॅक्सीनं निघालो. मी सोबत, कारण गुडघे. सिग्नलला गाडी थांबली, आणि हे खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "तिच्या जागी दुसरी कशी उभी राहील गं? तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला विचारताय?"

"हो."

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, टॅक्सीवाल्याला साक्षीला ठेवावं. मग मी सांगितलं. म्हटलं, शेवटच्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली होती. म्हणाली, वहिनी, मी गेले तर माझा तो गणवेश घालून दुसरं कुणीतरी उभं राहू दे. मला एकटीलाच किती वर्षं उभं ठेवणार त्या खोलीत? दमले मी.

सिग्नल सुटला, पुढचा लागला. मग हे म्हणाले, "हे तू मला सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, "तुम्ही आज विचारलंत."

ऑफिस म्हणजे सगळं काचेचं. आपलंच प्रतिबिंब आपल्या अंगावर येतं. ती चॅनलवाली मुलगी चांगली होती बोलायला, म्हणजे ताई म्हणावं अशी, फोनवर वाटली तशी नव्हती. तिनं आम्हाला एका खोलीत बसवलं आणि नव्या डॉक्टरला बोलावलं. मला वाटलं, आता कुणीतरी पिळदार, गॉगल लावलेला येणार. तर आला एक पस्तिशीचा किडकिडीत माणूस. आजवर विनोदी कामं केलेला, आवाज बारीक. ह्यांच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात टेबलाला डोकं आपटलं. मी म्हटलं, ह्याला सांभाळणार कोण?

ह्यांनी पिशवीतून निवेदन बाहेर काढलं. टेबलावर ठेवलं नाही, मांडीवर ठेवलं.

तो माणूस समोर बसला, कपाळ चोळत. म्हणाला, "सर, मी तुमची नक्कल करणार नाही, जमणारही नाही. मी सगळे भाग बघितले, दोनशे पंच्याण्णव. मला एकच विचारायचंय. डॉक्टर शेवटी 'काही नव्हतं' म्हणतो ना... ते म्हणताना त्याला बरं वाटतं का?"

बघा आता. मुलाखती झाल्या, सत्कार झाले, शाळांच्या गॅदरिंगला बोलावून झालं. घाबरायला होत होतं का, खरंच भुतं असतात का, इन्स्पेक्टरबाईंशी प्रत्यक्षात पटायचं का, सगळं विचारून झालं. हे कुणी विचारलं नव्हतं. समितीतल्या चौदांपैकी एकानंही नाही. मीसुद्धा नाही.

ह्यांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील. पुसला नाही. हातातच धरून बसले. आणि मग जी गोष्ट घरात कधी काढायची नाही असं न ठरवताच ठरलेलं होतं, ती ह्यांनी त्या काचेच्या खोलीत, दोन परक्या माणसांसमोर सांगितली.

मालिकेचं चौथं वर्ष होतं. रविवारी सकाळी आमच्या दारात एक बाई आली. शिलाईकाम करायची. नवरा-बायको दोघं मिळून करायचे, दोन मशिनी शेजारी शेजारी. नवरा जाऊन पाच महिने झालेले. म्हणाली, "डॉक्टर, दुपारी मी काम थांबवून पडते, तेव्हा ह्यांची मशीन चालते. सुई खालीवर होत नाही, चाक फिरत नाही, पण आवाज येतो. टकटकटक. तुम्ही येऊन बघाल का, कुणाचा आहे?" मी ह्यांना खूण केली, सांगा बाईला की तुम्ही मोजणी खात्यात आहात. पण तेव्हा हे ऐकतायत कुणाचं? बॅटरी घेतली आणि गेले. खरोखर गेले हो. तिच्या घरी फरशीवर पालथे पडले, भिंतीला कान लावला, आणि सापडलं. इमारतीखाली पाण्याचा पंप होता. दुपारी तो सुरू झाला की जमीन किंचित थरथरायची आणि त्या मशीनचा एक पाय आखूड असल्यामुळं पायडल खडखडायचं. ह्यांनी पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली. आवाज बंद. चष्मा पुसला आणि म्हणाले, "काही नव्हतं. झोपा आता." घरी आले ते शीळ घालत. मला सगळं साभिनय करून दाखवलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. दार मीच उघडलं. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच ह्यांना म्हणाली, आवाज न चढवता, "डॉक्टर, मी तुम्हाला आवाज कुणाचा ते विचारायला आले होते. बंद करायला नव्हतं सांगितलं."

हे तसेच चप्पल घालून तिच्याबरोबर गेले. पुठ्ठा काढला. पंप सुरू व्हायची वाट बघत दोघं त्या खोलीत दोन तास बसले. पण मधल्या काळात पंप बदलला होता, नवा बसवला होता, तो मुळीच थरथरत नव्हता. मशीन गप्प. ह्यांनी मशीनचा पाय हलवून बघितला, दुसरीकडं सरकवून बघितली. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे. तुमचा दोष नाही. तुम्ही खरंच शोधून काढलंत." वर पाणी विचारलं तिनं. ते ह्यांना जास्त लागलं.

त्यानंतर दोन वर्षं मालिका चालली. ह्यांनी लेखकाला सांगितलं, ते वाक्य बदला. निर्मात्याला सांगितलं. सगळे म्हणाले, वेड लागलंय का, लोक त्याच वाक्यासाठी थांबतात. मग हे तेच वाक्य म्हणत राहिले. दर शुक्रवारी. आणि दर शुक्रवारी मालिका लागली की हे गच्चीवर जाऊन बसायचे. लोकांना वाटायचं, काय विनय आहे बघा, स्वतःचं काम स्वतः बघत नाहीत.

एवढं सांगून झालं. ती चॅनलवाली मुलगी खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. नवा डॉक्टर म्हणाला, "सर, मग काय म्हणायला हवं होतं?"

हे म्हणाले, "कारण शोधायचं. ते शोधायचंच, त्यात कुचराई नाही. पण सापडल्यावर घरातल्यांना विचारायचं. बंद करू, की राहू दे?"

फोटोसाठी ह्यांची अट हीच. पहिल्या भागात डॉक्टर ते जुनं वाक्य म्हणणार नाही, हे नवं म्हणेल. त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं. फोटो निघाला. ह्यांनी त्या किडकिडीत माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खरंच हसले. निवेदन? ते पिशवीतच घडी करून परत आलं. चारशे बारा सह्या.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात, आणि सलूनवाल्यानं आरशावरचा फोटो उतरवला. बोलणंच टाकलं. हे मुकाट्यानं दोन गल्ल्या पलीकडं दुसऱ्याकडं गेले आणि अशा अवतारात परत आले की लेकीनं विचारलं, बाबा, पडलात का कुठं? हेडमास्तरीणबाईंनी समितीची तातडीची सभा घेऊन ह्यांना विश्वासघातकी ठरवलं. सभा आमच्याच बैठकीत, कारण खुर्च्या आमच्याकडं. ह्यांना स्वतःच्याच घरात आतल्या खोलीत बसायला सांगितलं, निर्णय होईपर्यंत. बाई ठराव वाचत होत्या, मी कप गोळा करत होते. मला कुणी विचारलं नाही, आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला बरंच वाटलं.

मग आला शुक्रवार. पहिला भाग. आठ वाजता. आता समितीनं काय करावं? बहिष्कार घालावा की नाही? नाही. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "पेपर तपासल्याशिवाय नापास कसं करणार?" म्हणून सगळे चौदा आमच्याकडं, टीव्हीसमोर. सलूनवालाही आला, पण ह्यांच्याकडं पाठ करून बसला. हे खुर्चीत, कोपऱ्यात. मी म्हटलं, गच्चीवर जाताय का? मानेनंच नाही म्हणाले.

सुरू झालं. भिंती खऱ्या होत्या. नवी इन्स्पेक्टरबाई आली, एका म्हाताऱ्या माणसाजवळ जमिनीवर बसली, आणि तो बोलेपर्यंत नुसती बसून राहिली. जुनी अशी कधी बसली नाही, ती उभी राहायची, हात पाठीमागं बांधून. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे तिच्याकडं बघत होते. डोळे भरले होते, पण वाईट वाटलेलं नव्हतं, एवढं मला कळतं. गोष्ट साधीच होती. म्हाताऱ्याच्या घरात बायकोच्या कपाटातून रोज संध्याकाळी आवाज येतो. नवा डॉक्टर आपल्या बारीक आवाजात प्रश्न विचारत होता, कपाटामागं शिरत होता, तिथंही डोकं आपटून घेत होता. सलूनवाला एकदा हसला, मग त्यानं तो खोकला असल्याचं दाखवलं. हळूहळू कुणी शेरे मारेना. कपातला चहा तसाच राहिला. आणि मग डॉक्टरला कारण सापडलं. तो उभा राहिला. म्हाताऱ्याकडं वळला. तोंड उघडलं...

आणि लाइट गेली.

अख्ख्या गल्लीची. मिट्ट काळोख. मग सलूनवाल्याचा आवाज आला, "काय म्हणाला असेल? तेच म्हणाला असेल का?" कुणी म्हणालं, छे, बदललंय म्हणे. कुणी म्हणालं, काय बदललंय? आता ते माहीत होतं त्या खोलीत आम्हा दोघांनाच. मी मेणबत्ती शोधायला उठले नाही.

आणि कोपऱ्यातून हे बोलले. डॉक्टरच्या आवाजात नाही हो, तो भारदस्त, खालचा सूर लावून नाही. आपल्या साध्या आवाजात, जसं मला विचारतात ना, दार लावू का म्हणून, तसं.

"कारण सापडलंय. बंद करू, की राहू दे?"

काळोखात कुणाचा तरी श्वास तेवढा ऐकू येत होता. आणि मग, माझ्या अगदी शेजारून, हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. इतक्या हळू की वर्गातल्या पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू गेलं नसतं.

"राहू दे."

कशाबद्दल म्हणाल्या, कुणी विचारलं नाही. मीही नाही. नुसता चाचपडत त्यांचा हात सापडला, तो धरला. बराच वेळ धरून होते. सलूनवाल्यानं खुर्ची फिरवल्याचा आवाज आला, ह्यांच्या दिशेनं.

पण किती वेळ बसणार असं? चौदा माणसं, बंद पंखा, पुढं काय झालं ते बघायचंय प्रत्येकाला. शेवटी मीच उठले, फोन शोधला आणि वीज कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर लावला. पलीकडचा माणूस फार सौजन्यानं म्हणाला, "हो मॅडम, कळलंय आम्हाला, तुमच्याकडची लाइट गेलीय. पाच मिनिटांचं काम आहे, लाइनमन इथंच बसलाय. पण तो मालिका बघतोय. म्हणतो, ऐन वेळी जाहिराती लागल्या होत्या, डॉक्टर आत्ता शेवटी काहीतरी सांगतायत, तेवढं ऐकतो आणि निघतो."

मी म्हटलं, बरं, बघू द्या त्याला.